पानफुटीची भावंडं

आज सकाळी ग्रिलमधल्या एचेव्हेरियाला, त्या जाड पानांच्या रोपाला, जरा बोट लावलं, तर अख्खं फूलच हातात आलं. (फूल कसलं, पानंच ती, पण दिसतात गुलाबासारखी.) खालचा दांडा काळा, बुळबुळीत. आठवडाभर मी थेंब घातला नव्हता हो, पण मुलुंडच्या तिरक्या सरीला कोण सांगणार? मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांतलं झाड, आपल्या जुलैत त्याचा काय निभाव लागणार!

कुंडी उपसली. आत निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पिळलं तर पाणी निघेल असं. आणल्या दिवशीच बदलायला हवं होतं, आळस नडला. आता निम्मी तरी जाड वाळू आणि विटेचा चुरा. शेजारचं दुसरं जाड पानांचं रोप, हॉवर्थिया, मात्र आतल्या बाजूला सावलीत, ठणठणीत.

आईने न बोलता चार धड पानं खुडली आणि ताटलीतल्या कोरड्या वाळूवर नुसती ठेवली. "पुरू नकोस, पाणी आत्ता नकोच. पानफुटीसारखंच असेल हे."

शाळेत पुस्तकात ठेवलेलं पानफुटीचं पान आठवलं, कडेकडेने कोंब फुटलेलं. नंतर वाचलं, तर दोघी खरंच एकाच कुळातल्या, क्रॅसुलेसी! ही मंडळी पानांची छिद्रं रात्री उघडतात, दिवसा मिटून पाणी वाचवतात. आईने हे काही वाचलेलं नाही.

ताटली सध्या हॉलच्या खिडकीत आहे. बाबा दोनदा विचारून गेले, "ही कसली भाजी निवडून ठेवलीय?"