वहिनी, एवढा पट्टा शिवून द्या

कोल्हापुरात पापाची तिकटीजवळच्या बोळात माझं बॅग शिवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात दप्तरांची रांग लागते. चेन बदला, पट्टा लावा, तळ शिवा. अशा गर्दीत एका पोरानं टेबलावर पायाच्या पट्ट्यासारखं काहीतरी आणि त्याला जोडलेली लांबलचक काळी नळी ठेवली. मला वाटलं जिमचं सामान असेल.

"वहिनी, सर्फबोर्डची लीश आहे. पायातला पट्टा उसवलाय, तेवढा शिवून द्या की."

पोरगं पंचगंगेत पोहायला शिकलेलं. आजरा-आंबोलीमार्गे गोव्याला जाऊन लाटांवर उभं राहायचा नाद लागलेला. लाटेवरून पडलं की बोर्ड हातचा निसटतो, किनाऱ्याकडे जातो आणि वाटेत कुणाच्या तरी डोक्यात बसतो. ते होऊ नये म्हणून बोर्ड पायाला बांधायचा. बांधायचा तो मागच्या पायाला, नळी बाहेरच्या बाजूनं मागे जाईल असा, नाहीतर उभं राहताना पायात अडकते.

मी वस्तू हातात फिरवून बघितली. मला शिलाई दिसते, बाकी नंतर. वेल्क्रोची एक कड अर्धी सुटलेली, कारण कारखान्यातला टाका एकेरी होता आणि खाऱ्या पाण्यानं दोरा खाल्लेला. ते माझं काम. पण पट्ट्यापासून बोटभर अंतरावर नळीला एक बारीक चीर होती. नख लावलं तर आत जात होतं.

"हिला सोल्यूशन लावून देता का?"

नाही म्हणाले. ही नळी युरेथेनची, ताणली जाणारी. चीर ताणाखाली वाढतच जाणार आणि तुटणार नेमकी मोठ्या लाटेत. पट्टा शिवून देते, नळी नवी घे, असं सांगितलं. त्यावर त्यानं मुद्दा काढला, मग नळीऐवजी नायलॉनची दोरी घालून द्या, किंवा रबर. माझ्याकडे दोन्ही होतं. पण दोरी ताणली जात नाही म्हटल्यावर सगळा झटका घोट्याला बसणार. आणि रबराचं त्यानंच सांगितलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात दवाखान्यातल्या रबरी नळीच्या लीश वापरून बघितल्या होत्या, त्यातल्याच एकीनं बोर्ड उलटा खेचून आणला आणि थंड पाण्यात घालायचे वेटसूट बनवणारे जॅक ओनील यांचा डावा डोळा गेला. एवढं ठाऊक असून हा गडी माझ्याकडे रबर मागत होता!

लांबीचा हिशेब सोपा निघाला. बोर्ड जेवढा, साधारण तेवढीच लीश. त्याचा बोर्ड नऊ फुटी, म्हणजे लीश नऊ फुटी. आखूड घेतली तर बोर्ड अंगावर येतो, फार लांब घेतली तर पाण्यात ओढत राहते. जाडीत मात्र पोरं फसतात. पाच-सहा मिलिमीटरची नळी पाण्यात कमी अडते, पण ती छोट्या लाटांसाठी आणि हलक्या बोर्डासाठी. जड बोर्डाला सात मिलिमीटरची बरी. दोन्ही टोकांना फिरकी हवी, नाहीतर पीळ पडतो. बोर्डाच्या बाजूला जी रुंद निवार पट्टी असते, ती शोभेची नाही. लीश बोर्डाला बांधायची बारीक दोरी ताणाखाली बोर्डाची कड कापते, म्हणून कडेवर ती पट्टी यायला हवी. त्याची बांधायची दोरी एवढी लांब होती की पट्टी कडेच्या पार बाहेर जात होती. ती गाठ मी तिथंच आखूड करून दिली.

मी मशीनवर जाड दोरा चढवला, वेल्क्रोला दुहेरी टाका मारला. तेवढ्यात तो सहज म्हणाला, "पावसाळ्यात समुद्र बंद. तेव्हा नवीन पॅडलबोर्ड, उभं राहून वल्हं मारायचा, तो घेऊन पंचगंगेत उतरणार. घाटावरून खाली बंधाऱ्याकडं. हाच पट्टा चालंल."

मी मशीन थांबवली.

रंकाळ्यात चालेल. साचलेलं पाणी, वाऱ्यानं बोर्ड पळू नये एवढंच काम. पण पावसाळ्यातली पंचगंगा? राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि 2019 ला, 2021 ला ती त्याच्याही किती वर गेली ते गावानं बघितलंय. पाण्यात बाभळी असतात, वेली असतात, बंधाऱ्याच्या खांबांना फांद्या अडकलेल्या असतात. बोर्ड एका बाजूनं गेला, तू दुसऱ्या, आणि नळी मध्ये अडकली, तर?

"वाकायचं, वेल्क्रो ओढायचं."

"कर बघू."

पट्टा त्याच्या घोट्याला लावला, नळीचं टोक शटरच्या लोखंडी खांबाला बांधलं आणि त्याला चटईवर पालथा झोपवला. आमचे तात्या चामड्याचे गठ्ठे उचलणारे, त्यांना म्हटलं, बगलेत धरा आणि उलट्या दिशेला ओढा, सोडू नका. पोरगं ताणलं गेलं. वाकायला बघतंय, पण कंबर वळेना, हात गुडघ्यापाशीच थांबला. दोन गिऱ्हाइकं हसत उभी होती, ती गप्प झाली. "आता हेच तोंडावर पाणी आल्यावर," तात्या म्हणाले आणि त्यांनी सोडलं.

वाहत्या पाण्यासाठी लीश कंबरेच्या पट्ट्याला लावतात, आणि त्या पट्ट्याला एक गोळा असतो. तो ओढला की पट्टा उघडतो आणि माणूस मोकळा होतो. वर लाइफ जॅकेट वेगळं. हे त्यानं मोबाईलवर शोधून मलाच दाखवलं, आणि लगेच, "मग हाच शिवा."

ते मी केलं नाही. बॅगेचं चिमट्याचं बक्कल ताणाखाली दाबायला जड जातं, हे मी रोज बघते. दप्तर शिवणं निराळं. हा पट्टा ताणाखाली हमखास उघडलाच पाहिजे, आणि मी तो वाहत्या पाण्यात तपासू शकत नाही. तयार मिळतो, तो घे म्हटलं.

जूनमध्ये तो नवा पट्टा घेऊन आला. कंबरेला ढिला होत होता. मागची बाजू मी दोन बोटं आत घेतली, गोळ्याच्या बाजूला सुई लावली नाही. मग घातल्यावर उजव्या हातानं ओढायला लावलं, डाव्या हातानं ओढायला लावलं. दोन्ही वेळा उघडला.

"किती झाले वहिनी?"

"पन्नास."

"दोन टाक्यांचे पन्नास?"