कन्सल्टिंगसाठी नक्की काय शिकायचं?

रविवार, रात्री उशिरा

दादाचा आज पुन्हा फोन. "पोरीला कन्सल्टंट व्हायचंय म्हणे. म्हणजे आधी इंजिनिअरिंगच ना?" त्याच्या डोक्यात एकच रस्ता पक्का बसलाय: आयआयटी, मग आयआयएम, मग विमानाने फिरणं. रस्ता खोटा नाही. रजत गुप्ता दिल्ली आयआयटीतून मेकॅनिकल करून गेले आणि १९९४ मध्ये मॅकिन्झीचे, म्हणजे कंपन्यांना धंद्याचे सल्ले देणाऱ्या बड्या कन्सल्टिंग फर्मचे, प्रमुख झाले. (पुढे तुरुंगातही जाऊन आले, पण त्यात मेकॅनिकलचा दोष नाही.)

मी म्हटलं, अरे, १९२६ मध्ये मॅकिन्झी काढणारा माणूस अकाउंटिंगचा प्राध्यापक होता, आणि तशाच दुसऱ्या बेन कंपनीचा संस्थापक बिल बेन तर इतिहासाचा पदवीधर! "ते अमेरिकेत," दादा. हेही खरंच. आपल्याकडे या कंपन्या ठरावीक कॉलेजांतच येतात. इकॉनॉमिक्स दिल्लीच्या एसआरसीसी कॉलेजातून केलं तर पदवीनंतर थेट मुलाखतीची संधी असते. तोच विषय दुसरीकडून केला की बहुतेकदा एमबीएचा वळसा आला. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेला, मात्र कुठलीही पदवी चालते, पन्नास टक्के पुरतात. पण शॉर्टलिस्ट करणारे दहावीपासूनचे मार्क काढून बघतात. नावडतं इंजिनिअरिंग केट्या लावत ओढलं तर काय उपयोग?

मग भाचीच फोनवर आली. तिला विचारलं, स्टेशनबाहेरच्या एका गाडीवर दिवसाला किती वडापाव खपत असतील? मला वाटलं, गर्दीपासून सुरुवात करेल. तर म्हणाली, "आत्या, एका घाण्यात किती वडे निघतात ते धरू या. तीस? दहा मिनिटांना एक घाणा. तासाला एकशे ऐंशी. पण दुपारी कढई थंड असते, तेव्हा निम्मेच धरू. आणि पाव संपले की वडे असून उपयोग नाही, म्हणजे पाववाला किती लाद्या टाकतो तेही बघायला हवं ना?" केस इंटरव्ह्यूत, म्हणजे धंद्यातलं एखादं कोडं सोडवायला देतात त्या कन्सल्टिंगच्या मुलाखतीत, याहून वेगळं काय विचारतात? हिशोब चुकला तरी चालतो, अडतं कुठे ते दिसायला हवं.

तिला स्टॅटिस्टिक्स आवडतं. घ्यावं. चांगलं कॉलेज मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावं, आणि पहिल्या वर्षापासून केस क्लब, समर इंटर्नशिप यांच्या मागे लागावं. दादा अजून घुश्शात आहे. फॉर्म भरायची मुदत शुक्रवारपर्यंत. तोवर वहिनीला आपल्या बाजूला वळवायला हवं.