उसण भरली तेव्हा

माझी कंबर धरल्याचं कळल्याबरोबर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आपल्या सोसायटीत कोणी पायाळू आहे का गं?" पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण जाते, असं त्यांच्या माहेरी सगळे मानतात. दुसऱ्या विंगमधल्या एका काकांचं नाव निघालंही. पण त्यांचेच गुडघे धरलेले, त्यामुळे तो बेत बारगळला.

झालं होतं एवढंच, की मशीनमधले ओले कपडे बादलीत भरले, बादली उचलली आणि तशीच वळले. शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी भराभर विचारलं: पडलात का, ताप आहे का, पायात बधिरपणा किंवा पाऊल लुळं पडतंय का, मांड्यांमधली जागा बधिर वाटते का, लघवी-संडासवर ताबा आहे ना? शेवटच्या दोन्हींत गडबड असती तर लगेच हॉस्पिटल गाठायचं होतं. माझं सगळं ठीक होतं. "मग घरीच बरं होईल, बहुतेकांचं काही आठवड्यांत होतं. पण पडून राहू नका," त्या म्हणाल्या. एमआरआयचा हट्ट मीच धरला. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा 2015 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात चाळिशीतल्या 68 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसली होती, हे त्यांनी सांगितल्यावर गप्प बसले.

सुरुवातीला सगळ्यात अवघड होतं अंथरुणातून उठणं. सरळ उठायला गेलं की कळ थेट डोक्यात. युक्ती अशी: आधी गुडघे दुमडायचे, मग खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं. पाय पलंगाखाली सोडता सोडता खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने गादीला रेटा द्यायचा. पाय खाली जातात तसं धड आपसूक वर येतं. झोपताना पाठीवर असेन तर गुडघ्यांखाली लोड, कुशीवर असेन तर दोन गुडघ्यांत उशी. रात्रभरात या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून सकाळी उठल्या उठल्या वाकायचं नाही. दात घासताना बेसिनवर ओणवं होण्याऐवजी मी तांब्या हातात घेऊन ताठ उभी राहायचे.

शेकाच्या बाबतीत मात्र सासूबाईंना शंभर मार्क. खडे मीठ तव्यावर गरम करून जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी बांधायची, आधी मनगटाला लावून बघायची, मग पंधरा-वीस मिनिटं शेकायचं. रबरी पिशवीनेही तेच काम होतं, पण पुरचुंडी हवी तिथे नेमकी बसते. शेकाने आखडलेले स्नायू सैल पडतात आणि त्या सैलपणात घरातल्या घरात चालून घ्यायचं. तेल लावलं ते हलक्या हाताने. मणका "बसवून देणाऱ्या" कुणा बुवाकडे मात्र जाणार नाही, हे घरात ठणकावून सांगितलं. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच, जेवणानंतर. कंबरपट्टा दीराने हौसेने आणला, तो बहुतेक वेळ खुंटीलाच होता.

कळ कमी झाल्यावर फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले: मार्जारासन, सेतुबंधासन, आणि रांगत्या स्थितीत एका बाजूचा हात व दुसऱ्या बाजूचा पाय सरळ लांबवणं. हा शेवटचा दिसतो सोपा, पण पोट आवळून धरलं नाही की तोल जातो. पाय पसरून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन सध्या बंद.

कंबर अजून अधूनमधून बोलते, विशेषतः ऑफिसात खुर्चीत बराच वेळ अडकून पडले की. वाकून फरशी पुसणं सोडलं, लांब दांड्याचा मॉप आणलाय. सासूबाईंना तो पटलेला नाही, कोपरे राहतात म्हणतात. राहतातच.