मेनसेलच्या कारचे छर्रे आणि अडकलेलं पार्सल: माझा अनुभव

राहायला बेळगावात, शिडाची बोट मांडवीत आणि तिचे सुटे भाग परदेशात, अशी अवस्था असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या छोट्या गाड्यांना कार म्हणतात. त्या डोलकाठीवरच्या ट्रॅकवरून सरकतात त्या आतल्या बारीक गोळ्यांवर, तेच छर्रे. ट्रॅक धुणं, स्क्रू आवळणं ही कामं उरकून जातात. डोकं फिरतं ते छर्‍यांपायी.

शीड चढवताना मध्येच अडलं की लगेच कारवर खापर फोडू नका. शीड कारपासून सोडवून ठेवा. सगळ्यात वरच्या, म्हणजे हेडबोर्डच्या (शिडाच्या वरच्या टोकाच्या) कारला हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) लावा, तिलाच खाली ओढायची दोरी बांधा आणि ती एकटीच टोकापर्यंत नेऊन आणा. ही दोरी विसरलात तर कार वरच राहील आणि कुणाला तरी खुर्चीत बसवून डोलकाठीवर चढवावं लागेल. दर वेळी एकाच जागी अडत असेल तर तिथला ट्रॅकचा जोड वर-खाली झालाय किंवा स्क्रूचं डोकं बाहेर आलंय. सगळीकडे जड जात असेल तर आधी हॅलयार्डची वरची पुली तपासा. आणि एकटी कार सुळकन जात असेल तर दोष चढवण्याच्या पद्धतीत आहे: बोटीचं नाक वाऱ्यात नाही, व्हँग (शिडाची खालची काठी खाली ओढणारी दोरी) किंवा शीट (शीड आवळणारी दोरी) सैल सोडलेली नाही, नाहीतर बॅटन (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) फार ताणलेत. पूर्ण लांबीचा बॅटन आपलं पुढचं टोक डोलकाठीकडे रेटतो. तो सगळा दाब बॅटनच्या कारवर येतो आणि छर्रे तिथंच झिजतात.

झिजलेला छर्रा फिरत नाही, घासतो. बोटांत फिरवून पाहा, चपटा भाग नखाला लागतो. एक चपटा निघाला तर त्या कारमधले सगळेच बदला.

आता मोजमाप. ६ मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, हे डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिला दुसऱ्याच्या जागी टाकला तर कार खडखडते, उलटं केलं तर हलतच नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही शेडमध्ये मायक्रोमीटर मिळेल. कमी झिजलेले चार-पाच छर्रे मोजून मोठ्यात मोठा आकडा धरा. सायकलच्या दुकानात पाव इंची छर्रे मूठभर मिळतात, पण ते पोलादी. खाऱ्या हवेत गंजतात आणि ॲल्युमिनियमच्या ट्रॅकवर चरे पाडतात. जास्त दाबाच्या जागी टॉरलॉन या कडक प्लास्टिकचेच हवेत. डेलरिन या साध्या प्लास्टिकचे हलक्या कारला चालतात, पण दाबाखाली उभे राहून चपटे होतात. आपले टर्नर डेलरिनच्या कांबीतून ट्रॅकच्या टोकाचा अडसर झकास करून देतात, छर्रे मात्र लेथवर होण्यातले नाहीत.

म्हणून मागवायचे. आणि मागवले की कुरिअरच्या कचेरीत अडकायचं.

आमच्याकडे अडकण्याचं खास कारण म्हणजे पत्ता. शहराचं नाव अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण परदेशी विक्रेत्याच्या यादीत अजून बेलगाम आणि आधारवर बेलगावी. केवायसीच्या पडद्यावर दोन्ही जुळत नाहीत, म्हणून पार्सल 'होल्ड'. काउंटरवरचा माणूस म्हणतो सिस्टीम घेत नाही, फोनवरची बाई म्हणते कागद पोचले नाहीत, आणि अपलोड केलेली तीच फाइल पुन्हा मागतात. पिनकोड दोन्हीकडे एकच आहे, हे सांगून काही उपयोग होत नाही. शेवटी चाललं ते असं: साध्या कागदावर, दोन्ही नावं एकाच शहराची आहेत असं इंग्रजीत लिहून सही केलेलं निवेदन आणि सोबत आधार, दोन्ही एकाच पीडीएफमध्ये. ते आधीच तयार ठेवा. त्याहून बरं म्हणजे ऑर्डर देतानाच पत्ता आधारवर आहे तसाच, अक्षर न् अक्षर, टाका.

दुसरी अडचण इनव्हॉइसची. नुसतं 'सुटे भाग' लिहिलं की प्रश्न सुरू होतात. वस्तू काय, कशाची बनलेली, कशासाठी, किती नग, किंमत किती, हे सगळं विक्रेत्याकडून लिहून घ्या. 'गिफ्ट म्हणून पाठवायला सांग' असा सल्ला देणारे भेटतीलच. राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून माल ड्युटीशिवाय आणण्याची सवलत डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. कस्टम ड्युटी मालाच्या किमतीसोबत वाहतूक खर्चावरही बसते, शिवाय कुरिअर आपलं हाताळणी शुल्क लावतो. त्यामुळे दहा छर्रे मागवण्यात अर्थ नाही. सगळ्या कारचे एकदम मागवा, वर मूठभर जादा.

पार्सल हातात आलं की उरलेलं सोपं आहे. हो, कार उतरवण्याआधी डोलकाठीच्या बुंध्याभोवती जुनी चादर पसरा, हे आधीच सांगायला हवं होतं. काही कारचे छर्रे आत अडकून राहतात, काहींचे ट्रॅक सोडताच ओघळतात आणि डेकवरून थेट मांडवीत जातात. कार आणि ट्रॅक गोड्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून धुवा, वाळवा, मग कोरड्या वंगणाचा स्प्रे मारा. ग्रीस किंवा तेल अजिबात नको, मीठ-धूळ चिकटून त्याची लुकदी होते. कार परत चढवताना ट्रॅकच्याच आकाराची प्लास्टिकची पट्टी आत सरकवली की छर्रे जागेवर बसतात. पट्टी ट्रॅकच्या तोंडाला टेकवून कार पुढे ढकला आणि खालची अडसर-पिन लगेच लावा.

स्क्रू काढले असतील तर परत बसवताना टेफ-जेल (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायचं मलम) लावा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना धरतात, मग पुढच्या खेपेला स्क्रू तुटूनच निघतो.