मागून फोटो येत नाहीत

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून समितीचा मेसेज आला तेव्हा मी पहिलं उत्तर "नको हो" असंच टाईप केलं होतं, कारण अशा अंकात ज्यांचे लेख येतात ते कोणी डॉक्टर असतात, कोणी अधिकारी, निदान परदेशात तरी असतात, आणि मी एका ऑफिसात हिशेब बघते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढते, बस्स. त्या फोटोंना बक्षीसबिक्षीस काही नाही, मी कुठे पाठवतही नाही. पण मग वाटलं हा नाद मला शाळेतच लागला आणि त्या नादापायीच मी चार माणसांशी बोलायला लागले, तर तेवढं तरी लिहावं. शाळेचे ऋण, संस्कारांची शिदोरी वगैरे मला जमणार नाही, आधीच सांगून ठेवते, ते बाकीच्या लेखांत भरपूर असेल.

शाळेत मी बोलायचेच नाही. हजेरीला "उपस्थित" सुद्धा इतक्या बारीक आवाजात की बाई दोनदा नाव घ्यायच्या आणि मग कोणीतरी शेजारची सांगायची, आहे बाई ती. वर्गाचा ग्रुप फोटो काढला की मी दरवर्षी शेवटच्या ओळीत, कुणातरी उंच मुलीच्या खांद्याआड. कपाळ आणि एक वेणी, एवढीच माझी हजेरी त्या सगळ्या फोटोंत. हुशार होते की ढ होते हे सुद्धा कोणाला आठवत नसेल, आणि मला तेच सोयीचं होतं.

आठवीत विज्ञानाच्या सरांनी एकदा आम्हाला प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीत नेलं. तुटकी बाकं, गुंडाळलेले नकाशे, एक पाय गेलेला फळा, असलं सगळं तिथे. खिडकीला त्यांनी काळा कागद चिकटवला होता आणि त्याला पेन्सिलीच्या टोकाने एक भोक पाडलं होतं. दार लावलं. सुरुवातीला काहीच दिसेना, पोरं खुसखुसत होती, कोणीतरी कोणाला तरी चिमटा काढला, आणि मग डोळे सरावले तसं समोरच्या भिंतीवर आमचं मैदान दिसायला लागलं, उलटं! झाड छताकडून खाली लोंबतंय, खेळणाऱ्या मुलांचे पाय वर, आणि सगळं रंगीत. रंगीत असेल हे मला वाटलंच नव्हतं. एका मुलाचा लाल शर्ट भिंतीवरून सरकत गेला तो मला आजही दिसतो. मजा म्हणजे त्यांचा आरडाओरडा बाहेरून नेहमीसारखाच येत होता आणि भिंतीवर ती डोकं खाली करून पळत होती.

सरांनी कारण दोन वाक्यांत सांगितलं. उजेड सरळ रेषेत जातो, झाडाच्या शेंड्याकडून येणारा किरण भोकातून खालीच जाणार आणि बुंध्याकडचा वर. मग त्यांनी पेन्सिल फिरवून भोक मोठं केलं, तर चित्र एकदम उजळ झालं पण फिसकटलं, कडा सगळ्या मऊ पडल्या. दुसऱ्या कागदाला बारीक भोक, तर चित्र रेखीव पण अंधुक. अ‍ॅपर्चर हा शब्द (कॅमेऱ्यातलं उजेड आत घेणारं भोक) मी नंतर ऐकला, पण तेव्हा कळायचं तेवढं कळून गेलं होतं. (भोक फारच बारीक केलं की चित्र पुन्हा पुसट होतं, उजेड कडांवरून पसरतो म्हणून, हे सरांनी पुढे कधीतरी सांगितलं.)

ह्या अंधाऱ्या खोलीच्या खेळाबद्दल इब्न अल-हैथम ह्या अरब शास्त्रज्ञाने साधारण हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. माणसाला तो एवढा जुना माहीत, पण भिंतीवरचं चित्र धरून ठेवायला १८२६-२७ साल उजाडावं लागलं. फ्रान्समध्ये निसेफोर नीएप्सने वरच्या मजल्यावरच्या खिडकीत कॅमेरा ठेवून कित्येक तास उजेड आत घेतला. कॅमेऱ्याने काढलेला आणि आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फोटो तो हाच, आणि त्यात आहे काय तर समोरची छपरं आणि भिंती! राजा नाही, देऊळ नाही, लढाई नाही. मला ही गोष्ट भयंकर आवडते.

तर बोलण्याचं. त्या वर्षी गॅदरिंगला सरांनी स्वतःचा फिल्मचा कॅमेरा माझ्या हातात दिला. माझ्यात काही गुण दिसला म्हणून नाही बरं का, बाकी सगळ्यांना स्टेजवर जायचं होतं आणि मी एकटीच रिकामी होते. छत्तीस फोटोंचा रोल, संपला की संपला, लगेच बघायची सोय नाही. रोलच्या खोक्याच्या आतल्या बाजूला छोटी चित्रं असायची, कडक ऊन, विरळ ढग, पूर्ण ढगाळ, आणि प्रत्येकापुढे आकडे. कडक उन्हात सोळा नंबरचं अ‍ॅपर्चर (आकडा मोठा तेवढं भोक बारीक) आणि शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, साधारण एक सेकंद भागिले फिल्मचा आयएसओ (फिल्म उजेडाला किती तिखट त्याचा आकडा), म्हणजे शंभरची फिल्म असेल तर सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. हा हिशेब मला कवितेपेक्षा लवकर पाठ झाला.

पण गॅदरिंग संध्याकाळचं, म्हणजे फ्लॅश. आणि फ्लॅशबद्दल सर जे म्हणाले त्याने माझं सगळं गणित फिसकटलं. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. म्हणजे मी जे ठरवलं होतं, सगळ्यात मागे भिंतीला टेकून कोणाच्या नजरेत न येता फोटो काढायचे, ते होणारच नव्हतं. मागून मारलेला फ्लॅश समोरच्या प्रेक्षकांच्या डोक्यांवर पडतो, डोकी पांढरीफटक आणि स्टेज काळं. "मागून फोटो येत नाहीत, पुढे जा," सर एवढंच म्हणाले आणि खुर्च्या मोजायला निघून गेले.

गेले पुढे. पहिल्या रांगेच्याही पुढे, स्टेजच्या कडेला, जिथे अख्खी शाळा मला बघू शकत होती. पाय लटपटत होते, हात गार. आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मला कोणीच बघत नाहीये. बघत असतील तर कॅमेऱ्याला बघतायत, आणि स्टेजवरच्या मुली तर माझ्याकडे बघून उलट जास्तच ऐटीत नाचतायत. मला तिथे उभं राहायला कारण होतं, काम होतं. लाजाळू माणसाला धीर दे, आत्मविश्वास ठेव, असं सांगून काही होत नाही हे मी छातीठोक सांगते, मला सगळ्यांनी सांगून झालं होतं. हातात काम द्या आणि ते काम पुढे गेल्याशिवाय होणारं नसू दे, मग बघा.

बक्षीस समारंभात तर कमालच झाली. मोठ्या बाई (मुख्याध्यापिका, आम्ही सगळे त्यांना टरकून असायचो) बक्षीस देताना मुलाच्या बरोब्बर समोर यायच्या, मुलगा त्यांच्या पदराआड गायब. रोलमध्ये उरलेले फोटो मोजके. मी म्हणाले, "बाई, थोडं उजवीकडे सरका ना." एवढा मोठा आवाज माझा आहे हे मलाच नवीन होतं. बाई वळल्या, चष्म्यावरून बघितलं, आणि सरकल्या! पुढच्या प्रत्येक बक्षिसाला त्या आपणहून सरकून माझ्याकडे बघायच्या, बरोबर ना म्हणून.

रोल धुऊन यायला बरेच दिवस लागले. प्रिंट आल्यावर सरांनी मला बोलावलं. छान आलेत असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापून ठेवलेले होते, ते एकमेकांवर उलटसुलट ठेवले की मधे चौकट तयार होते, हवी तशी लहानमोठी करता येते. एका नाचाच्या फोटोवर त्यांनी ती चौकट ठेवली आणि हळूहळू आवळत नेली, पडदा गेला, माईक गेला, कडेच्या दोन मुली गेल्या, आणि राहिला एका मुलीचा पाय, टाच उचललेली, घुंगरू सुटून लोंबतंय. "तू हे बघत होतीस का?" मला माहीतच नव्हतं मी काय बघत होते. पण बघत होते हेच असणार. हा प्रश्न अजून सुटलेला नाही, प्रत्येक फोटो काढल्यावर मी स्वतःला तोच विचारते आणि पुष्कळ वेळा उत्तर येतं, काहीच नाही, नुसतं बटण दाबलंय.

मधली बरीच वर्षं कॅमेरा सुटला. शिक्षण, नोकरी, घर, सगळ्यांचं होतं तसंच. परत हातात आला तो फोनमधून, आणि तोही ऑफिसच्या जिन्यामुळे. त्या जिन्याला मधल्या वळणावर एक खिडकी आहे, हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा दुपारनंतर ऊन त्यातून आडवं आत येतं आणि कठड्याच्या गजांच्या सावल्या पायऱ्यांवर पडतात. सपाट जागी त्या सरळ, पायरीच्या कडेला मोडतात, पुन्हा सरळ, अशी पेटीच्या भात्यासारखी घडी खालपर्यंत. मी त्या जिन्यावरून वर्षानुवर्षं चढउतार करत होते, फाईल छातीशी धरून. उन्हाळ्यात तिथे काहीही नसतं, पिचकाऱ्यांचे डाग फक्त. म्हणजे जिना सुंदर नाहीये, त्या वेळचा उजेड त्याच्यावर पडतो तेव्हा तो बघण्यासारखा होतो, आणि त्या वेळी तुम्ही तिथे असायला लागता.

मग नादच लागला. न्हाणीघरात बादली भरून ठेवलेली, तिच्यावर ऊन पडलं की छतावर उजेडाची जाळी हलते, नळाचा थेंब पडला की जाळी फुटते आणि परत जुळते. ओली छत्री उघडून ठेवली की काड्यांच्या टोकाशी एकेक थेंब. दोरीवरच्या चादरीमागे उभ्या असलेल्या माणसाची सावली. घरातले म्हणतात, चादरीचा काय फोटो काढतेस. काढते!

चादरीवरून एक कामाची गोष्ट. पांढऱ्या चादरीचा फोटो नेहमी मळकट येतो, त्यात चादरीचा दोष नसतो. कॅमेऱ्याला वाटतं जगातलं सगळं सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे, त्या हिशेबाने तो पांढऱ्याला खाली ओढतो आणि काळ्याला वर. फोनवर स्क्रीनला बोट लावलं की शेजारी बहुतेक वेळा एक छोटा सूर्य येतो, पांढऱ्या गोष्टीला तो थोडा वर सरकवायचा, काळ्या छत्रीला खाली. एवढ्याने फरक पडतो आणि पैसा लागत नाही. कॅमेरा कुठला, लेन्स केवढ्याची, हे प्रश्न मला आता वैताग आणतात. योसेफ सुदेक ह्या चेक फोटोग्राफरचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, तो प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला, बरीच वर्षं, काचेवरचं दव, खिडकीतला पेला, बाहेरचं वाकडं झाड. एका हाताने, मोठाले जुने कॅमेरे घेऊन. आणि आता वय झालं असं म्हणणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणींसाठी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, कलकत्त्यात जन्मलेली फोटोग्राफर, तिला पहिला कॅमेरा मिळाला १८६३ मध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांची असताना, लेकीने आणि जावयाने भेट दिलेला. तिचे फोटो फोकसमध्ये नसतात म्हणून त्या वेळच्या जाणकारांनी नाकं मुरडली होती. ती बदलली नाही.

व्हिव्हियन मायरची गोष्ट हल्ली सगळे फार कौतुकाने सांगतात, मुलं सांभाळायचं काम करता करता लाखाच्या वर फोटो काढले, बहुतेक कोणाला दाखवलेच नाहीत, २००७ मध्ये लिलावात पेट्या विकल्या गेल्या आणि त्यानंतर जगाला कळलं. फोटो अप्रतिमच आहेत. पण त्या न दाखवण्याचं जे कौतुक चालतं ते मला नाही पटत. मी न दाखवणाऱ्यांतलीच होते, मला माहितेय तिथे किती कोंदट असतं.

म्हणून मी दाखवते. आमच्या ऑफिसात लिफ्टवर एक काका आहेत, त्यांचा हात बटणांच्या पाटीवर असतो आणि वरच्या दिव्याचा उजेड बरोब्बर बोटांवर पडतो. विचारायला मला पुष्कळ दिवस लागले. "काका, फोटो काढू का?" "माझा?" "तुमच्या हाताचा." ते इतके हसले की लिफ्ट एक मजला पुढे गेली. प्रिंट काढून दिली तर लांब धरून, मग जवळ धरून बघितली आणि म्हणाले, नखं कापायला पाहिजे होती, सांगायचं तरी. आता ते मला थांबवून सांगतात, आज गच्चीच्या दाराशी ऊन चांगलंय, जाऊन या. सगळेच असे हो म्हणत नाहीत. परवा एक बाई नको म्हणाल्या, मी बरं म्हणाले, आणि मग आम्ही उगाच दहा मिनिटं बोलत उभ्या राहिलो, फोटो नाहीच.

समितीला मी त्या गॅदरिंगच्या निगेटिव्ह स्कॅन करून दिल्यात. मोठ्या बाई सरकून उभ्या आहेत तो पण आहे त्यात, छापला तर बघा. नाचणाऱ्या मुलीचा पाय कोणाचा ते मला आठवत नाही, घुंगरू कोणाचं सुटलं होतं ते जिचं तिला आठवत असेल तर तिने मला कळवावं, प्रिंट तयार आहे.

आणि आत्ता शाळेत असलेल्या पोरांना, फोन खिशातून काढलात की फोटो घेण्याआधी लेन्स मऊ रुमालाने पुसा. बोटांचे डाग असतात तिच्यावर, आणि तुम्ही फिल्टर लावत बसता.