आमची वाटचाल : ‘मिनिटाला किती?’ ते माणूस-दिवस

आपल्या धंद्याचा व्हिडिओ करून घ्यायला आलेला माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आधी विचारतो, “मिनिटाला किती घेता?” सुरुवातीला आमची कोटेशनंही त्याच भाषेत जायची : दोन मिनिटांची फिल्म, एवढी रक्कम, कर वेगळा, खाली सही. आज आमचं अंदाजपत्रक चार पानी असतं आणि मिनिटांचा उल्लेख त्यात एकदाच येतो, पहिल्या ओळीत. हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. त्यातला जो भाग व्हिडिओसाठी पैसे बाजूला काढणाऱ्याला आणि या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यालाही कामाचा आहे, तेवढा इथे मांडतो.

मिनिटावरचा हिशेब कुठे फसतो ते एका साध्या कामावरून पाहू. कारखान्याची ओळख करून देणारी दोन मिनिटांची फिल्म, तीन जणांच्या मुलाखती, एक दिवसाचं शूट. हिशेब माणूस-दिवसांत, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम १. लेखन ३. दोघांनी अर्धा दिवस जाऊन केलेली रेकी (शूटची जागा आधी बघून येणं), म्हणजे १. शूटला दिग्दर्शक, कॅमेरामन, दुसरा कॅमेरा सांभाळणारा असिस्टंट, साउंड रेकॉर्डिस्ट आणि लाइटमन अशी पाच माणसं, म्हणजे ५. संपादन ५, आवाजाचं काम १, रंगसंस्कार (सगळ्या शॉटचे रंग आणि उजेड जुळवणं) अर्धा, नावाच्या पट्ट्या आणि ग्राफिक्स दीड, फोन, तारखा, परवानग्या आणि समन्वयाचे २. बेरीज १९ माणूस-दिवस. ग्राहकाला प्रत्यक्ष दिसतात ते त्यातले शूटचे पाच. बाकीचे चौदा दिसत नाहीत म्हणून “एका दिवसाच्या कामाला एवढे?” हा प्रश्न येतो.

आता हीच फिल्म तीन मिनिटांची करा. संपादनात दीडेक दिवस वाढतो, आकडा १९ वरून २०.५ वर जातो. लांबी दोनच मिनिटं ठेवा, पण वेगळ्या गावातलं गोदाम दाखवायचं ठरवा : शूटचे ५, रेकीचा १, वाढीव फुटेजमुळे संपादनाचा १, एकूण २६, शिवाय प्रवास आणि मुक्काम. खर्च वाढवतात ते जागा, दिवस, पडद्यावर बोलणारी माणसं आणि मंजुरी देणारी माणसं. लांबीचा नंबर फार खाली लागतो. एक मिनिटाची फिल्म दोन मिनिटांच्या निम्म्यात होत नाही, कधी कधी तर कापाकापीत वेळ जास्तच जातो.

‘अर्ध्या दिवसाचं शूट’ ही ओळ आम्ही काढूनच टाकली. भाड्याचं सामान दिवसावर मिळतं, माणसांचा दिवस त्यातच जातो, आणि गाडीतून पेट्या उतरवून लाइट लावायला जो वेळ लागतो तो अर्ध्या दिवसात निम्मा होत नाही. दहा तासांचा दिवस कसा संपतो बघा. आठला पोचून पहिल्या मुलाखतीचा सेटअप करायला सव्वा तास, मुलाखत पाऊण तास, दहा वाजले. दुसऱ्या खोलीत हलायला एक तास, पुन्हा पाऊण तास, पावणेबारा. तिसरा माणूस त्याच खोलीत, फक्त कॅमेऱ्याची दिशा थोडी बदलून : पंधरा मिनिटं अधिक पाऊण तास. पाऊण वाजला. जेवण. दीड ते पाच कारखान्यातल्या कामाचे शॉट. प्रत्येक मांडणीला, म्हणजे कॅमेरा आणि लाइट नव्या जागी लावून शूट करायला, पंधरा-वीस मिनिटं धरली तर साडेतीन तासांत दहा-बारा मांडण्या होतात. दोन मिनिटांत सरासरी चार सेकंदांचा एक शॉट म्हटला तरी तीस शॉट लागतात. एका मांडणीतून लांबचा आणि जवळचा असे दोन-तीन वापरण्याजोगे निघाले तर गणित जेमतेम जुळतं. म्हणून “जाता जाता साहेबांचंही दोन मिनिटं घ्या ना” याची किंमत दोन मिनिटं नसून तीन मांडण्या असते. तिसरी मुलाखत आणखी एका, तिसऱ्या खोलीत बसवली, हे एक उदाहरण. पाऊण तास जास्तीच्या हलवाहलवीत गेला की कारखान्यातल्या दोन-तीन मांडण्या गेल्या.

पाच ते सहा पॅक-अप. त्यातला मोठा वेळ कॅमेऱ्यांची मेमरी कार्ड रिकामी करण्यात जातो. सेकंदाला १०० मेगाबिटवर रेकॉर्ड होणारं ४के फुटेज तासाला ४५ जीबी भरतं. दोन कॅमेरे तीन-तीन तास चालले तर २७० जीबी. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने एक प्रत काढायला पाऊण तास. आम्ही तीन प्रती ठेवतो, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर आणि त्यातली एक वेगळ्या इमारतीत, म्हणजे ८१० जीबी. निदान दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हार्ड डिस्कची ओळ पूर्वी आमच्या कोटेशनमध्ये नसायची. तो खर्च आमच्याच खिशातून जायचा आणि मग साहजिकच तिसऱ्या प्रतीचा आळस व्हायचा.

पैसे कमी करायचे म्हटलं की ग्राहकाचं बोट हमखास साउंड रेकॉर्डिस्टवर पडतं. “कॅमेऱ्याला माइक असतो की!” असतो, पण तो बोलणाऱ्यापासून दोन-तीन मीटर लांब असतो आणि खोलीचा घुमारा आधी पकडतो. कॉलर माइक लावून माणूस वाचवला तरी हेडफोन लावून सतत ऐकणारं कोणीतरी लागतं. कारखान्यात शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर सारखा चालू राहिला तर एक वेळ निभतं, कारण एकसारखा आवाज कान सोडून देतो. पण तो आपोआप बंद-चालू होतो. मुलाखतीतलं वाक्य ‘आमची गुणवत्ता’पर्यंत घरघरीत आणि ‘तपासणी तीन वेळा होते’ शांततेत असं रेकॉर्ड झालं, आणि संपादनात ही दोन तुकड्यांची वाक्यं मागेपुढे जोडली, की प्रत्येक सांध्यावर मागची घरघर तुटते. सॉफ्टवेअरने ती पुसायला गेलं तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. रेकॉर्डिस्ट तिथल्या तिथे हात वर करतो, कॉम्प्रेसर बंद करून घेतो किंवा टेक पुन्हा मागतो, आणि शेवटी सगळ्यांना गप्प बसवून खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतो. सांधे त्याच शांततेने बुजवले जातात. बजेट आखडलं तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्या. रेकॉर्डिस्टला मात्र हात लावू नका, हे आम्ही लेखी देतो.

दुसरी ओळ कापली जाते ती रेकीची. तिथे काय बघायचं? कानाला पंखे, एसी, लिफ्ट, रस्ता. डोळ्याला खिडकीची दिशा आणि कोणत्या तासाला ऊन आत येतं ते. प्लग किती आणि एकाच सर्किटवर किती : दोन हजार वॉटचा लाइट २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. आणि छतावरचे दिवे. ५० हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचं शटर (एका फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ) पन्नासांश किंवा शतांश सेकंदावर ठेवलं तर ते दिसत नाही. पण ग्राहकाला मशीनमधून उडणाऱ्या ठिणग्या स्लो मोशनमध्ये हव्या असतात. सेकंदाला १२० फ्रेमवर तोच उजेड धडधडायला लागतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. रेकीत फोनवर दहा सेकंद स्लो मोशन घेऊन पाहिलं तरी अंदाज येतो. मग बजेटमध्ये स्वतःचे लाइट धरायचे की स्लो मोशन सोडायचं, हे शूटच्या आधी ठरतं.

लेखनाबद्दल एवढंच की घड्याळ लावून मोठ्याने वाचा. निवेदनाला मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त बसवले की ऐकणारा दमतो. ग्राहक माहितीपत्रकातला सहाशे शब्दांचा मजकूर पाठवून “हे सगळं दोन मिनिटांत” म्हणतो. त्याची पाच मिनिटं होतात.

आमच्या अंदाजपत्रकाचं सगळ्यात वाढलेलं पान मात्र बदलांचं आहे. त्यात लिहिलेलं असतं : बदलांच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत, सूचना एकाच माणसाकडून, एकाच कागदावर, मिनिट-सेकंद लिहून याव्यात. ‘जरा अजून जिवंत वाटू दे’ यावर काय करायचं ते संपादकाला कळत नाही. ‘०:४७ ला गोदामाऐवजी पॅकिंग दाखवा’ हे कळतं. दुसऱ्या फेरीनंतर चित्र पक्कं होतं, मग आवाज, रंग आणि उपशीर्षकं. पक्कं झाल्यावर एखाद्याचं पद बदललं म्हणून पट्टीतला शब्द बदलायचा असतो. शब्द बदलायला पाच मिनिटं. पण मुख्य फिल्म आणि तिच्या तीन छोट्या आवृत्त्या, प्रत्येकी उपशीर्षकांसह आणि त्याविना, अशा आठ फायली पुन्हा काढाव्या लागतात आणि आठही शेवटपर्यंत बघाव्या लागतात. चार सेकंदांचं वाक्य काढायला सांगितलं तर त्याच्या पुढची सगळी उपशीर्षकं सरकतात, संगीताचा ठेका भलतीकडे पडतो, सगळ्या आवाजांचा मिक्स पुन्हा करावा लागतो. म्हणून तिसऱ्या फेरीचा दर दिवसावर लावलेला असतो आणि तो पहिल्याच पानावर, ठळक.

छोट्या उभ्या आवृत्त्यांचंही असंच. आधी सांगितलं तर प्रत्येकीला अर्धा दिवस पुरतो. ४के म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलच्या फ्रेममधून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापला तरी रुंदी १२१५ मिळते, फोनच्या उभ्या १०८० ला ती पुरून उरते. अडचण पिक्सेलची नसून मांडणीची आहे. दोन भागीदार टेबलाच्या दोन टोकांना बसवून शूट केलं असेल तर उभ्या चौकटीत मधलं टेबल येतं.

संगीत आणि आवाज यांचे हक्क वेगळ्या ओळीत लिहायला आम्ही उशिरा शिकलो. परवाना माध्यम, प्रदेश आणि मुदत बघून मिळतो. संकेतस्थळासाठी घेतलेलं संगीत पैसे देऊन चालवायच्या जाहिरातीला चालेलच असं नाही, आणि वर्षाचा परवाना वर्षाने संपतो. निवेदकाचंही जाहिरातीचं मानधन वेगळं असू शकतं. परवाना कोणाच्या नावावर आहे, आमच्या की ग्राहकाच्या, हे लिहून ठेवायचं. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती शूटच्याच दिवशी घ्यायची. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची सही मागायला नंतर कोणी जात नाही.

या सगळ्यावर दहा टक्के आकस्मिक खर्च. पाऊस, बिघडलेलं मशीन, आजारी पडलेला वक्ता. पूर्वी तो आम्ही इतर ओळींत थोडा थोडा लपवायचो. आता वेगळा दाखवतो आणि लागला नाही तर बिलात लावत नाही. ग्राहक त्यावर घासाघीस करतो, करू द्यावी.

हप्ते पन्नास, तीस आणि वीस : होकार देताना, शूट संपताना, अंतिम फायली देण्याआधी. निम्मे पैसे शेवटाला ठेवायची पद्धत सोडली, कारण शेवट कधी आला हे मंजुरी देणारा ठरवतो आणि लाइटमनला त्याच संध्याकाळी पैसे द्यायचे असतात. सूचनांना दहा कामाचे दिवस, त्यानंतर पुढचा हप्ता देय.

कच्चं फुटेज हवं असेल तर ते कोटेशन पक्कं करतानाच सांगावं, कारण रेकॉर्डिंग कशात करायचं हेही त्यावर ठरतं. आम्ही ते वर्षभर सांभाळतो आणि पुसण्याआधी महिनाभर कळवतो. ग्राहकाला द्यायचं असेल तर डिस्क त्याने आणायच्या, आणि एक नव्हे, दोन.