क्रुगरमध्ये एक दिवस: आपली गाडी, एकच रस्ता

जुलैतली पहाट, म्हणजे इथे हिवाळा. पावणेसहाला आमची गाडी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या पॉल क्रुगर गेटपुढच्या रांगेत उभी होती आणि आईने स्वेटरवर शालही घेतली होती. जोहान्सबर्गहून इथवर यायला पाच तास तरी लागतात, त्यामुळे आदल्या रात्री जवळच्या हेझीव्ह्यू गावात मुक्काम केला. तुम्हीही तेच करा. हिवाळ्यात गेट सहाला उघडतं आणि सकाळचे पहिले दोन तास सोन्याचे असतात. दिवसभरासाठी येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून प्रवेशाचं आरक्षण घरूनच करून ठेवा.

ताडोबात जिप्सी, चालक आणि गाईड असतात. इथे स्टिअरिंग आपल्याच हातात. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणून भावाला गाडी चालवणं जड गेलं नाही. साधी छोटी गाडी पुरते, कारण हिवाळ्यात गवत वाळून विरळ झालेलं असतं आणि खालच्या सीटवरूनही आतलं दिसतं. आपला परवाना चालेल का, हे गाडी भाड्याने देणाऱ्याला आधीच विचारून घ्या. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. आम्ही मात्र २०-२५ च्या वर गेलोच नाही.

उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचं आहे. एका दिवसात ते 'करायचं' म्हटलं तर नुसता रस्ताच पाहून होतो. आम्ही स्कुकुझा ते लोअर साबी या दोन कॅम्पांमधला, साबी नदीकाठचा एकच रस्ता धरला. नकाशावर त्याचं नाव एच४-१, लांबी साधारण ४५ किलोमीटर. साबीला बारमाही पाणी असतं. कोरड्या दिवसांत आतले पाणवठे आटले की जनावरं नदीकडे येतात.

तरी एक चूक झालीच. स्कुकुझा कॅम्पमधल्या फलकावर, कुठे काय दिसलं त्याच्या खुणा लावलेल्या असतात. तिथे सिंहाची खूण पाहून आम्ही दुसऱ्याच रस्त्याला वळलो आणि तास घालवून रिकाम्या हाताने परतलो. ती खूण कालचीही असू शकते. फलक जरूर पाहा, पण त्याच्यामागे धावू नका.

नदीकाठी परतल्यावर इंपाला जातीच्या हरणांचा एक कळप दिसला. एकही चरत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, मधूनच नाकातून फुरफुर. वर माकडांचा खर्रखर्र कालवा. चितळाचा कॉल, म्हणजे शिकारी प्राणी जवळ असल्याचा इशारा, ऐकायची सवय असलेल्याला आणखी काय सांगायचं? आम्ही इंजिन बंद केलं. मागून आलेल्या चार गाड्या क्षणभर थांबून निघून गेल्या. चाळीसेक मिनिटांनी उंबराच्या जातीच्या एका थोराड झाडावरून बिबट्या उतरला, आमच्या गाडीपुढून रस्ता ओलांडला आणि लव्हाळ्यात शिरला. आईने माझा हात घट्ट धरला होता. फोटो एकही नाही, आणि त्याची मला जराही खंत नाही.

गाडीतून उतरायची परवानगी फक्त ठरलेल्या जागी असते. वाटेत एन्कुहलू हे विश्रांतीचं ठिकाण आहे, स्वच्छतागृह तिथेच उरकून घ्या. डबा मात्र जपून उघडा. आमची तिखटमिठाच्या पुऱ्यांची पिशवी वानरांनी क्षणात लांबवली. त्यांना मुद्दाम तर काही देऊच नका: माणसाच्या खाण्याला चटावलेलं वानर पुढे आक्रमक होतं आणि शेवटी जीव त्याचाच जातो.

लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर तास-दीड तास काढा. पाणघोडे, काठावर पसरलेल्या मगरी, चित्रबलाकाची आठवण करून देणारे पिवळ्या चोचीचे करकोचे, आणि हे सगळं गाडीत बसल्या बसल्या. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी हवी. एकच असली की नेमक्या क्षणी ती दुसऱ्याच्या हातात असते.

हा मलेरियाचा भाग आहे. हिवाळ्यात डास कमी असले तरी निघण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारा.

परतताना हत्तींचा कळप रस्त्यावर आला. पुढच्या माजावर आलेल्या नराच्या गालांवरून स्राव ओघळत होता. त्याने कान फडकावून डोकं झटकताच भावाने गाडी हळूहळू मागे घेतली. असं दिसलं तर हॉर्न नाही, घाई नाही, फक्त वाट द्यायची. पंचवीस मिनिटं गेली. संध्याकाळी साडेपाचला गेट बंद होतं आणि उशिरा पोहोचणाऱ्याला दंड होऊ शकतो, म्हणून लोअर साबीहून तीनलाच निघा. साठेक किलोमीटरला तेवढा वेळ हत्तींसाठी राखून ठेवावाच लागतो.